नव्या खाऱ्या टाकीत न बोलावता आलेले जीव, आणि पुन्हा पुन्हा उगवणारा एप्टेशिया

चाळीसगावात समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवायला खाऱ्या पाण्याची काचेची टाकी लावतो म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. पाणी कुठून आणणार आणि मे महिन्यात काय करणार. दोन्हींची उत्तरं मिळतात. पाणी आरओचं, त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ. उन्हाळ्याचं खाली लिहिलंय. मला ज्याने सर्वात जास्त छळलं तो प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता. तो टाकी लागल्यावर तीन महिन्यांनी, रात्री दिवे बंद केल्यावर समोर आला. आपण विकत न घेतलेले जीव टाकीत फिरत असतात. त्यातला एक काढला की पुन्हा येतो, पुन्हा काढला की दुप्पट येतो.

हे सगळं अशाच माणसासाठी लिहितोय, ज्याने टाकीतून काहीतरी तीनदा काढलंय आणि ते चौथ्यांदा उगवलंय.

आधी माझी टाकी सांगतो, म्हणजे आकडे तुमच्या टाकीशी ताडून पाहता येतील. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, खाली संप, म्हणजे पाणी गाळायची दुसरी टाकी. पाणी अडीचशे लिटरच्या आसपास. क्षारता ३५, म्हणजे घनता १.०२५ च्या जवळ. तापमान २५ ते २६ अंश. दगड सिमेंट आणि चुनखडीपासून घडवलेला, कोरडा. समुद्रातून आणलेला दगड मी घेतला नाही आणि तुम्हीही घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे हे त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेल्या प्रवाळाचा तुकडा किनाऱ्यावरून उचलून आणला तरी तो गुन्हाच. माझ्याकडे आहेत ते मऊ प्रवाळ. झोआ, मशरूम, थोडं लेदर, ही त्यांची बाजारातली नावं. ते मुंबईहून थर्माकोलच्या खोक्यात, रात्रीच्या गाडीने, सीटखाली ठेवून सव्वातीनशे किलोमीटर आणलेले.

कोरडा दगड घेतला म्हणजे आगंतुक जीव येणारच नाहीत, असं मला वाटत होतं. ते चुकीचं निघालं. झोआ ज्या छोट्या चकतीवर चिकटवून मिळतो, तिला आपण प्लग म्हणतो. त्या प्लगच्या खालच्या बाजूला अख्खं गाव असतं. गोगलगायीच्या शंखावर असतं. संपात टाकायला मित्राने दिलेल्या केटो शेवाळाच्या गुंत्यात तर सगळ्यात जास्त.

तक्रार काय होती

पहिल्या प्लगशेजारी एक फूल उमललं. तपकिरी, पण काचेसारखं आरपार दिसणारं. खाली दांडा, वर बशीसारखं तोंड, भोवती लांब, टोकाला निमुळत्या होत गेलेल्या शुंडा. आमची आजी संध्याकाळी टाकीसमोर खुर्ची ओढून बसते. तिनेच ते पहिल्यांदा पाहिलं. म्हणाली, "हाई काय शे रे भाऊ? पानीमा फूल उगनं." मी पिपेटने त्यावर पाण्याची फुंकर मारली. पापणी लवायच्या आत ते दगडाच्या भोकात गडप झालं आणि पाच मिनिटांनी हळूहळू पुन्हा बाहेर आलं.

हा एप्टेशिया. समुद्रफुलाचीच एक जात. शुंडांवर डंखाच्या पेशी असतात, शेजारचं प्रवाळ त्या जाळतात. माझ्या झोआच्या त्या बाजूची सहा-सात तोंडं उघडायचीच बंद झाली होती. तपकिरी रंग त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. म्हणून त्याला नुसत्या उजेडावरही तग धरता येतो, आणि आपण माशांना टाकलेलं उरलंसुरलं तर मिळतंच.

मी ब्लेड घेऊन ते खरवडलं. वाटलं, झालं काम. तीन आठवड्यांनी त्याच दगडावर नऊ मोजले, आणि समोरच्या काचेच्या खालच्या कडेला दोन.

आप्पांनी सगळं आयुष्य कापूस केला. त्यांना टाकीतलं काही कळत नाही, पण मी नऊ म्हटल्यावर ते लगेच बोलले, "हरळी तोडीसन मरत नही, भाऊ." शेतात हरळीवर नांगर फिरवला की प्रत्येक पेराला नवा कोंब येतो, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. एप्टेशियाचं नेमकं तेच आहे. त्याच्या तळव्याचा कण जरी दगडाला चिकटून राहिला, तरी त्या कणापासून नवं फूल तयार होतं. तो स्वतःही सरकताना तळव्याचे तुकडे मागे सोडत जातो. मी ब्लेडने जे केलं, ती मारणी नव्हती, लागवड होती.

म्हणून पहिली गोष्ट. कापू नका, खरवडू नका, चिमट्याने उपटू नका.

मग मारायचा कसा

चुन्याने. कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे आपला खाण्याचा चुनाच, पण पानटपरीवरची ट्यूब किंवा डबी घेऊ नका. त्यात काय काय मिसळलंय ते सांगता येत नाही. प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात शुद्ध पावडर मिळते, ती घ्या. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच. चुना डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो, आणि या कामात माणूस तोंड पाण्याजवळ नेऊन बसलेला असतो.

चमचाभर पावडर आरओच्या थोड्या पाण्यात कालवायची. पानाला लावतो तितकी दाट. सिरिंजमध्ये भरायची. सुई बोथट हवी, म्हणजे दगडाला अडकून तुटणार नाही. टाकीतले सगळे पंप बंद करायचे, लाटा करणारा वेव्हमेकरही. दोन मिनिटं पाणी स्थिर होऊ द्यायचं. मग सुई एप्टेशियाच्या तोंडाशी इतक्या हळू न्यायची की त्याला वाटावं खाणंच आलं. त्याला धक्का लागला तर तो आत जातो आणि मग ते काम त्या दिवसापुरतं सोडून द्यावं लागतं. तोंडावर थेंबभर चुना ठेवला की तो स्वतःच शुंडा मिटून घेतो. त्यानंतर वरून अजून थोडा, दांडा ज्या भोकातून आलाय ते भोक झाकलं जाईल इतका. पांढरी टोपी घातल्यासारखं दिसतं. पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवायचं, मग पंप चालू.

एका वेळी तीन किंवा चार, जास्त नाही. टाकीचा सामू ८.१ ते ८.४ च्या मध्ये असतो आणि चुन्याच्या संपृक्त पाण्याचा १२ च्या वर. अडीचशे लिटरमध्ये एका रात्रीत वीस एप्टेशियांवर चुना टाकला तर मासे धापा टाकायला लागतील. मी एका रविवारी सात केले होते. सामू ८.६ वर गेला आणि क्लाउनफिश दिवसभर कोपऱ्यात थांबला. तेव्हापासून मी चारवर थांबतो. सुटा करता येण्यासारखा दगड असेल तर तो ताटात बाहेर काढून काम करा, ते सगळ्यात बरं.

आठवड्याने पुन्हा त्याच जागा बघायच्या. अगदी बारीक, शेंगदाण्याच्या फोलाएवढी पिल्लं दिसतील. त्यांनाही तेच.

पेपरमिंट कोळंबी एप्टेशिया खाते, हे खरं आहे. पण घेताना नीट बघा. पेपरमिंटचं अंग पारदर्शक असतं आणि त्यावर बारीक लाल रेघा असतात. तिच्यासारखीच दिसणारी कॅमल कोळंबी जास्त लाल असते, पाठीवर उंच कुबड असतं, आणि लाल रेघांमध्ये पांढऱ्या रेघा आणि ठिपके असतात. ती एप्टेशियाकडे बघतही नाही, झोआ खाते. मला एका दुकानातून पेपरमिंट म्हणून कॅमलच मिळाली होती. दहा दिवसांत झोआची एक अख्खी वसाहत गेली. मी खोक्यात हात घालण्याआधी कुबड बघायला हवं होतं.

तरी पुन्हा येतोच, तो कुठून

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. दगडावरचे सगळे चुन्याने गेले होते. दीड महिना टाकी स्वच्छ. मग पुन्हा एक, पुन्हा दोन. मला वाटलं औषधच चुकतंय. औषध बरोबर होतं. मी फक्त टाकीत बघत होतो.

एका रात्री पाणी संपात उतरायच्या कप्प्याचं झाकण काढलं आणि टॉर्च आत मारली. त्या काळोख्या कप्प्याच्या भिंतीवर बावीस एप्टेशिया होते. उजेड नाही, पण वरून उतरणाऱ्या पाण्याबरोबर खाण्याचे कण सतत येत होते, आणि त्यांना तेवढं पुरेसं होतं. तिथून तुटलेला एखादा बारीक कण पंपातून टाकीत जात होता आणि दगडावर नवं ठाणं मांडत होता. पाइपाच्या कोपरात, फेसाबरोबर घाण काढणाऱ्या स्किमरच्या पायाखाली, परतीच्या पंपाच्या जाळीवर, हीटरच्या मागे. या चार जागी अजून नऊ मिळाले.

कप्पा कोरडा करता येतो, ही त्यातली सोय. मी पाणी उतरवलं, पाइप काढले, आणि नळाचं पाणी उकळून त्याने भिंत धुतली. पाइप दोन दिवस गच्चीवर ठेवले. एप्रिलचं ऊन होतं, त्यात काही उरलं नाही.

दुसरी वाट नवीन मालाची. दर महिन्या-दोन महिन्यांनी मी एखादा प्लग आणत होतो आणि तो नुसत्या टाकीच्या पाण्यात विसळून आत ठेवत होतो.

तिसरी वाट माझ्या हातातली. मी खाऊ जास्त टाकत होतो. एप्टेशिया, ब्रिसल वर्म, बारीक नळीच्या गोगलगायी हे सगळे उरलेल्या अन्नावर वाढतात. टाकीतल्या कोणत्याही जिवाची संख्या अचानक फुगली की आधी खाण्याचा चमचा बघा. गोठवलेलं अन्न चाळणीत धुवून, दोन मिनिटांत संपेल इतकंच द्यायला लागल्यावर माझ्याकडचे ब्रिसल वर्म दोन महिन्यांत निम्म्यावर आले, एकही न मारता.

दगड उकळू नका

हे वेगळं लिहितोय कारण त्याचा विचार माझ्याही मनात आला होता. दगडावर एप्टेशिया खूप झाले की माणूस म्हणतो, काढून पातेल्यात उकळून टाकू. ज्या दगडावर झोआ किंवा पॅलिथोआ आहेत, किंवा कधी होते, तो दगड घरात उकळायचा नाही. गरम पाण्याखाली ब्रशने घासायचाही नाही. या जातींच्या काही प्रकारांत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं आणि ते जगातल्या सर्वात तीव्र नैसर्गिक विषांपैकी एक आहे. वाफेबरोबर ते हवेत जातं. असे दगड उकळल्यामुळे घरातली सगळी माणसं, पाळीव जनावरांसकट, दवाखान्यात गेल्याच्या घटना परदेशात झाल्या आहेत. ताप, खोकला, श्वास लागणं, अंग आखडणं.

आमच्या घरात स्वयंपाकघर आणि टाकी यांच्यामध्ये एकच दार आहे, आणि आजीला दम्याचा त्रास आहे. मला हे कळलं तेव्हा पातेलं गॅसवर नव्हतं, पण ओट्यावर काढून ठेवलेलं होतं. तो दगड मी गच्चीवर प्लास्टिकच्या बादलीत खाऱ्याच पाण्यात, काळ्या कापडाखाली, सहा आठवडे ठेवला. झोआवर काम करताना मोजे आणि चष्मा घाला. हाताला चीर असेल तर त्या दिवशी टाकीत हात घालू नका. टाकीचं साहित्य आणि स्वयंपाकघराची भांडी वेगळी ठेवा.

काय मारायचं आणि काय नाही

कापसाच्या शेतात फवारणीआधी झाडं मोजतात. वीस झाडं बघायची, पानाखाली काय आहे ते लिहायचं. मावा, तुडतुडे किती आणि ढालकिडा, क्रायसोपा किती. मित्रकीड भरपूर असेल तर पंप घरीच ठेवायचा. आप्पा ते वर्षानुवर्षं करतात. मी टाकीत ते पहिल्या महिन्यात केलं नाही आणि त्याची किंमत मोजली. दुसऱ्या आठवड्यात काचेवर पांढरे ठिपके धावताना दिसले. मी घाबरून काचा पुसल्या, अर्धं पाणी बदललं. ते कोपेपॉड होते. टाकीला मिळू शकणारं सर्वात चांगलं फुकटचं खाद्य.

तेव्हापासूनची पद्धत सांगतो. दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावून बसायचं. बऱ्याचशा जिवांना लाल उजेड फारसा कळत नाही, म्हणून ते पळत नाहीत. काय दिसलं, कुठे, कसं चाललं, किती, ते वहीत. शक्य असेल तर शेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो, म्हणजे माप कळतं. नाव कळेपर्यंत हात लावायचा नाही.

ब्रिसल वर्म बघून सगळे दचकतात. गुलाबी-तपकिरी, दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांच्या झुपक्यांची रांग, दगडाच्या फटीतून अर्धा बाहेर. बहुतेक जाती सफाई कामगार आहेत. मेलेला मासा, सडलेलं अन्न, सगळं खाऊन टाकतात. राहू द्या. फक्त उघड्या हाताने धरू नका, केस बोटात शिरतात आणि आग होते. शिरलेच तर सेलोटेप दाबून ओढून काढायचे. जाडजूड, केसांच्या बुडाशी लालभडक आणि प्रवाळावर चढून बसलेला दिसला तर तो फायरवर्म, तो काढायचा. संख्या कमी करायची असेल तर छोट्या बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून आत कोळंबीचा तुकडा ठेवा आणि रात्री वाळूवर आडवी ठेवा. सकाळी बाहेर काढा.

ॲम्फिपॉड आणि मायसिड हे कोळंबीसारखे बारीक जीव, तुकतुकीत पाठीच्या स्टोमॅटेला गोगलगायी, दगडाला चिकटलेले कायटन, फटीतून हात हलवणारे केसासारख्या पायांचे बारीक ब्रिटल स्टार, पंपाच्या मागे चिकटलेले अननसासारखे पांढरे स्पंज. हे सगळे चांगले. हे दिसले तर टाकी बसतेय असं समजा.

अस्टेरिना नावाचे नखाएवढे तारे येतात. पाय कमी-जास्त असतात, कारण ते स्वतःचे दोन तुकडे करून वाढतात. माझ्याकडचे काचेवरचं शेवाळ खातात. काही जणांकडे ते झोआवर बसतात. झोआवर बसलेला दिसला तर तेवढा चिमट्याने काढायचा, बाकीच्यांना सोडायचं.

लाल-तपकिरी, चपटे, शेपटीकडे टोकं निघालेले बारीक किडे दगडावर चादरीसारखे पसरले, तर ते लाल प्लॅनेरिया. यांना औषधाने एकदम मारू नका. मरताना अंगातलं विष सोडतात आणि मासे जातात. आधी बारीक नळीने ओढून जितके निघतील तितके काढा, चार-पाच दिवस रोज. मग उरलेल्यांचं बघा, आणि त्या वेळी सक्रिय कार्बन हाताशी ठेवा.

व्हर्मेटिड गोगलगाय म्हणजे दगडावर चिकटलेली कडक नळी. तोंडातून कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट धागे सोडते, प्रवाळ चिडतं. तोंडावर सुपरग्लूच्या जेलचा थेंब ठेवून बंद करायचं. पातळ ग्लू पाण्यात पसरतो, जेलच घ्या.

झोआ खाणारा न्यूडिब्रँक, म्हणजे बिनशंखाची समुद्री गोगलगाय, दिसणं फार कठीण, कारण तो ज्या रंगाचा झोआ खातो त्याच रंगाचा होतो. झोआची वसाहत सकाळी काही कारण नसताना मिटलेली असेल तर प्लग उलटा करून बघा. पांढरी, गोल गोल वळलेली अंडी सापडली की निदान झालं. अंडी कुठल्याही डिपने, म्हणजे प्रवाळ बुडवून धुवायच्या औषधाने, मरत नाहीत, खरवडूनच काढावी लागतात.

केसाळ अंग, काळी टोकं असलेल्या नांग्या, लालसर डोळे, असा खेकडा आढळला तर तो ठेवायचा नाही. लहान असतो तोवर निरुपद्रवी वाटतो. चहाचा काचेचा ग्लास दगडाला तिरका टेकवायचा, तळाशी माशाचा तुकडा. रात्री आत उतरतो आणि गुळगुळीत काचेवरून त्याला वर चढता येत नाही. माझ्याकडचा तिसऱ्या रात्री मिळाला.

रात्रीची टकटक

फेब्रुवारीत रात्री अकराच्या सुमारास टाकीतून आवाज यायला लागला. काचेवर गोटी आपटावी तसा. एकदा, मग दहा मिनिटं काही नाही, मग दोनदा. आधी मला काच तडकतेय असं वाटलं. मी सगळे जोड तपासले, संपाखाली कोरडा कागद पसरून रात्रभर बसलो. कागद कोरडाच राहिला.

असा आवाज करणारे दोन. एक पिस्तूल कोळंबी, जिची एक नांगी दुसरीपेक्षा फार मोठी असते. तो आवाज नांगी आपटल्याचा नसतो. नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटल्याचा आवाज येतो, हे २००० साली संशोधकांनी दाखवलं. ती टाकीला फारसा त्रास देत नाही. दुसरा मँटिस, हाही कोळंबीसारखा कवचाचा जीव. तो गोगलगायी आणि खेकडे फोडून खातो, मोठा झाला तर माशांवरही जातो. मोराच्या रंगाच्या मँटिसचा फटका सेकंदाला २३ मीटरपर्यंत वेगाचा मोजला गेलाय. त्याला हात लावला तर बोट फुटतं.

कोण आहे ते कसं ओळखायचं? फुटलेले शंख बघा. माझ्या टाकीत एका भोकासमोर तीन गोगलगायींचे तुकडे पडलेले होते. म्हणजे मँटिस. दोन रात्री लाल उजेडात बसून नेमकं भोक हेरलं. पोपटी अंग, देठांवर फिरणारे दोन डोळे, आणि मला बघताच माघार.

तो दगड सुटा होता, हे नशीब. दगड उचलून कोरड्या टबावर धरला आणि भोकात साधा सोडा, म्हणजे बाटलीतलं फसफसणारं पाणी, सिरिंजने सोडला. दहा सेकंदांत तो टबात होता. अंगठ्याएवढा. त्याला मारायची गरज नाही. एका वेगळ्या छोट्या टाकीत तो आज दीड वर्ष जिवंत आहे आणि आजीचा तो सर्वात लाडका आहे. दगड हलवता येत नसेल तर याच ग्लासचा आणि बाटलीचा सापळा लावा, वेळ लागतो.

आपल्याकडचं पाणी आणि ऊन

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी थर आला तर तो प्राणी नाही, डायटम शैवाल आहे. आपली जमीन काळ्या पाषाणाची. बोअरच्या पाण्यात क्षार आणि सिलिका असते आणि डायटमला सिलिकाच लागते. नुसता आरओ पुरत नाही, पुढे डीआय राळेचा, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा, नळकांडा लावा आणि टीडीएस मीटरवर शून्य येईपर्यंत ते पाणी टाकीत घालू नका. माझा थर राळ लावल्यावर पाच आठवड्यांत आपोआप गेला.

मे महिन्यात बाहेर पारा ४३-४४ ला असतो. हवा कोरडी, म्हणून पाण्यावर आडवा पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. कोकणात दमट हवेत इतके उतरत नाहीत, ही आपली जमेची बाजू. पण पाणी रोज उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणून रोज राळेतून काढलेलं तेच साधं आरओचं पाणी वरून घालायचं, खारं नाही. आणि वीज गेली, पंप थांबले, तर दगडातल्या जिवांकडे बघा. ब्रिसल वर्म भर दिवसा काचेवर वर चढताना दिसले तर पाण्यात प्राणवायू कमी पडलाय. बॅटरीचा हवेचा पंप लगेच चालू करा. एकदा वीज गेली त्या दिवशी वर्म माझ्या टाकीचा पहिला सूचक ठरला. मासे त्यानंतर अर्ध्या तासाने पृष्ठभागावर आले.

दारात अडवायचं

आता कोणताही नवा माल थेट टाकीत जात नाही. २० लिटरची एक काचेची पेटी, त्यात छोटा हीटर, स्पंजचा फिल्टर, मंद दिवा. आलेला प्लग आधी प्रवाळाच्या डिपमध्ये, पाकिटावर लिहिलंय तेवढा वेळ, तेवढ्याच प्रमाणात. मग पिपेटने खालून-वरून फुंकर. तळाशी काय पडलं ते पांढऱ्या ताटलीत बघायचं, फेकायच्या आधी. शक्य असेल तिथे झोआ जुन्या प्लगवरून सोडवून नव्या प्लगवर चिकटवायचा आणि जुना प्लग घरात न ठेवता टाकून द्यायचा. दर आठवड्याला डिप पुन्हा, कारण अंडी मधल्या काळात फुटतात. चार ते सहा आठवडे. रिकाम्या, प्रवाळ नसलेल्या दगडासाठी १.०३५ घनतेचं, टाकीइतक्याच तापमानाचं जास्त खारं पाणी मिनिटभर वापरतो. खेकडे, मँटिस, वर्म स्वतःहून बाहेर येतात. मऊ प्रवाळ असलेल्या दगडाला हे करू नका. आणि तांब्याचं औषध या टाकीच्या आसपासही आणू नका, गोगलगायी, कोळंबी, प्रवाळ सगळं जातं.

गेल्या महिन्यात पाच तोंडांचा एक नारिंगी झोआ आणला. डिपमध्ये काही निघालं नाही. पहिला आठवडा स्वच्छ, दुसरा स्वच्छ. परवा, एकोणिसाव्या रात्री, प्लगच्या खालच्या कडेला मोहरीच्या दाण्याएवढा तपकिरी ठिपका दिसला. फुंकर मारली, आत गेला. पाच मिनिटं थांबलो, बाहेर आला. रविवारी झोआ सोडवून नव्या प्लगवर घेणार आहे, जुना फेकणार आहे, आणि पेटीतले सहा आठवडे पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजणार आहे.